रोखून धरलेली सूट आणि ‘निष्ठा’: आगबोटीपासून विमानापर्यंत (दीर्घ धागा)

‘महिन्याकाठी तीन-चार वेळा मुंबई–दिल्ली किंवा गोवा–बंगळूर असा तासा-दोन तासांचा प्रवास होतो. कोणत्या विमानकंपनीची लॉयल्टी योजना घ्यावी?’ कॅनिंगचा कारखाना चालवणारा रत्नागिरीचा उद्योजकही आता हा प्रश्न विचारतो आणि त्याला उत्तरादाखल तक्ते मिळतात: शंभर रुपयांमागे किती पॉइंट, कोणत्या क्रेडिट कार्डावर दुप्पट, कोणत्या पायरीवर लाउंज. या तक्त्यांत एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरलेली असते. ती अशी की ही योजना म्हणजे वारंवार येणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने खुशीने दिलेली बक्षिसी, आणि ती १९८१ साली अमेरिकेत जन्मली.

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. या व्यवस्थेचे मूळ विमानात नाही, आगबोटीत आहे. तिचा जन्म हिंदुस्थानच्या व्यापारात झाला आणि हिंदी व्यापारीही तिचे बळी ठरले.

१८७५ साली इंग्लंड–कलकत्ता मार्गावरील आगबोट कंपन्यांनी आपसांत स्पर्धा न करण्याचा करार केला. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता, बोटी भराभर वाढल्या होत्या आणि भाडी कोसळली होती. या कंपूला ‘कलकत्ता कॉन्फरन्स’ म्हणतात. भाडे सर्वांनी मिळून ठरवले, तरी एक अडचण उरली: बाहेरची एखादी कंपनी स्वस्त दराने आली आणि व्यापारी तिच्याकडे गेले तर? १८७७ मध्ये यावर जो तोडगा निघाला, त्याचे नाव ‘डिफर्ड रिबेट’, म्हणजे लांबणीवर टाकलेली सूट.

तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. समजा, एका व्यापाऱ्याने जानेवारी ते जून या काळात दहा हजार रुपये भाडे भरले. त्यावर दहा टक्के, म्हणजे हजार रुपये सूट त्याच्या नावे लिहिली जाई. मात्र हे हजार रुपये जुलैत हाती पडत नसत. जुलै ते डिसेंबर या पुढच्या सहामाहीतही त्याने सगळा माल याच कंपूच्या बोटींतून पाठवला, तरच वर्षाअखेरीस ते मिळत. नोव्हेंबरात मोहात पडून त्याने एक गासडी जरी परक्या बोटीत चढवली, तरी आधीचे हजार रुपये बुडत आणि चालू सहामाहीत साठलेली सूटही जाई. डिसेंबरात पहिले हजार मिळेपर्यंत दुसऱ्या सहामाहीची सूट अडकलेली असे. व्यापाऱ्याचा पैसा कायम गहाण. गहाण सोडवण्याचा दिवस उगवतच नसे.

सूट आणि ही ‘सूट’ यांत फरक आहे. खरी सूट व्यवहाराच्या वेळीच मिळते आणि माणूस मोकळा होतो. ही सूट आधी जादा वसूल केलेल्या भाड्यातूनच निघते आणि परत मिळवण्यासाठी स्वातंत्र्य द्यावे लागते. कोकणातल्या बागायतदाराला याच्याशी मिळताजुळता एक व्यवहार चांगला ठाऊक आहे. मुंबईचा दलाल हंगामाआधी उचल देतो आणि मग पेट्या त्याच्याच गाळ्यावर उतरवाव्या लागतात. तिथे निदान दलालाचा पैसा आधी बागायतदाराच्या हाती येतो. आगबोटींच्या कंपूने याच्या उलट केले: व्यापाऱ्याचाच पैसा धरून ठेवला आणि त्याच पैशाने व्यापाऱ्याला बांधले.

या हत्याराची धार जमशेटजी टाटांनी १८९३–९४ मध्ये अनुभवली. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीन-जपानकडे जात असे आणि ती वाहतूक पी. अँड ओ. कंपनी, ऑस्ट्रियन लॉइड व इटालियन रुबात्तिनो यांच्या कंपूच्या हाती होती. जमशेटजींनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी करून ‘टाटा लाइन’ सुरू केली आणि दर टनी बारा रुपये भाडे ठेवले. पी. अँड ओ.ने आपले भाडे दीड रुपयापर्यंत खाली आणले. दीड रुपयात टनभर सूत जपानला नेण्यात नफा शक्यच नव्हता. हेतूही नफ्याचा नव्हता. त्याच वेळी, टाटांच्या बोटींशी आपला काही संबंध नाही असे लिहून देणाऱ्या व्यापाऱ्यांना सवलत देऊ करण्यात आली. ज्या गिरणीमालकांनी महाग भाड्याबद्दल आरडाओरड केली होती, तेच एकेक करून गळाले. टाटा लाइन गुंडाळावी लागली आणि जपानी कंपनीने पुढे याच कंपूशी जमवून घेतले.

गिरणीमालकांना दोष देणे सोपे आहे. प्रत्येकाने आपल्यापुरता हिशेब बरोबरच केला होता. हातची सूट सोडून नव्या, अनिश्चित बोटीला माल द्यावा कशाला? पण प्रत्येकाच्या या शहाणपणाची बेरीज सर्वांच्या तोट्यात झाली, कारण स्पर्धक संपल्यावर भाडे ठरवणारा एकच उरला. ‘कोणती योजना माझ्या फायद्याची?’ एवढाच प्रश्न विचारणारे आजचे तक्ते नेमक्या याच ठिकाणी आंधळे आहेत.

दुसरे उदाहरण तर थेट छोट्या, वारंवार होणाऱ्या व्यापारी प्रवासाचे आहे. ऑक्टोबर १९०६ मध्ये तुतिकोरिन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी ‘स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ स्थापन केली. भांडवल दहा लाख, पंचवीस रुपयांचे चाळीस हजार भाग. मार्ग तुतिकोरिन ते कोलंबो, व्यापाऱ्यांच्या नित्याच्या येण्या-जाण्याचा. रत्नागिरीच्या टिळक आळीत जन्मलेल्या लोकमान्यांना चिदंबरम राजकारणातले गुरू मानत, आणि बोटी मिळवण्याच्या खटपटीत त्यांना टिळकांचे साह्य झाले. ब्रिटिश इंडिया कंपनीने प्रवासभाडे उतरवले. स्वदेशी कंपनीने त्याहून उतरवले. शेवटी गोऱ्या कंपनीने प्रवास फुकट केला आणि वर प्रत्येकाला एक छत्री भेट देऊ केली.

ही छत्री विसरण्याजोगी नाही. आज मिळणाऱ्या लाउंजमधल्या कॉफीची ती आजी आहे. छत्री घेणारा प्रवासी लाचखोर नव्हता. ऊन-पावसात त्याला ती उपयोगीच होती. तरी त्या छत्रीचे पैसे भरून काढायचे होते, आणि ते स्वदेशी कंपनी बुडाल्यावर त्याच प्रवाशाकडून. ७ जुलै १९०८ रोजी चिदंबरम यांना जन्मठेपेची शिक्षा झाली, २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची. १९११ मध्ये स्वदेशी कंपनी मोडीत निघाली. कंपनी केवळ छत्र्यांनी बुडाली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही; सरकारी दडपशाही आणि कंपनीतली अंतर्गत भांडणे यांचा वाटा मोठा होता. पण फुकट प्रवासाच्या काळात रिकाम्या बोटी चालवण्याचा खर्च कोणतीही भागधारक मंडळी किती दिवस सोसणार?

आता नावाची गंमत. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची पहिली बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. आपण तो दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. त्या बोटीचे नाव होते ‘लॉयल्टी’! मूळची ही कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी ती महायुद्धात रुग्णालय-जहाज म्हणून घेतली आणि साम्राज्यावरील निष्ठेचे द्योतक म्हणून तिला हे नवे नाव दिले. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी ती विकत घेतली आणि गोऱ्या कंपूच्या मक्तेदारीला आव्हान दिले ते या राजनिष्ठ नावाखाली.

पुढे काय झाले? १९२३ मध्ये लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीशी सिंदियाला दहा वर्षांचा करार करावा लागला. बोटींच्या टनेजवर मर्यादा आली, परदेशी मार्ग सोडावे लागले आणि त्या मोबदल्यात किनारी वाहतुकीच्या कॉन्फरन्समध्ये जागा मिळाली. म्हणजे कंपूविरुद्ध लढायला निघालेली कंपनी कंपूत जाऊन बसली. ‘लॉयल्टी’ बोट त्याच वर्षी मुंबईत मोडीत निघाली. कंपूला हादरा द्यायचा तर कायदाच हवा, हे मग पुढाऱ्यांच्या ध्यानात आले. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी किनारी वाहतूक हिंदी बोटींसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. परकी सत्ता असेतो ते तडीस जाणे शक्य नव्हते.

कोकणच्या किनाऱ्याने याच काळात निष्ठेचा एक वेगळा अर्थ पाहिला. मुंबई–रत्नागिरी–वेंगुर्ले–गोवा या मार्गावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे राज्य होते. तिची व्यवस्था किलिक निक्सन या गोऱ्या पेढीकडे. रत्नागिरीला बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनारा गाठावा लागे. पावसाळ्यात तर बोट बंदच. या कंपनीच्या विरोधात सहकारी तत्त्वावर ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी’ निघाली. एवढे लांबलचक नाव कोकणात कोण घेणार? लोकांनी तिला म्हटले ‘माझी आगबोट कंपनी’. बोटींना संतांची नावे: तुकाराम, रामदास, किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती उतारूंसाठी सेंट झेवियरसारखी.

‘माझी’ या शब्दात जी निष्ठा आहे, ती कोणी विकत घेतलेली नव्हती. भाग घेतला आहे, बोट आपली आहे, म्हणून तिने जायचे, असा तो भाव होता. त्या भावाचे अवास्तव कौतुक करण्याचेही कारण नाही. ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. प्रेमाने ठेवलेल्या नावाने वादळ अडत नाही. निष्ठा, मग ती ‘माझी’ म्हणून असो की पॉइंटांसाठी, बोटीची स्थिती आणि वेळापत्रक तपासण्याला पर्याय ठरत नाही.

कंपूंची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचा युक्तिवाद असा की माल असो-नसो, ठरल्या दिवशी बोट सोडायची तर हमखास गिऱ्हाईक हवे. ते नसेल तर नियमित सेवा चालत नाही. इंग्लंडमध्ये १९०६ ते १९०९ या काळात या विषयावर शाही आयोग बसला आणि त्यातील बहुमताने हा युक्तिवाद बऱ्याच अंशी मान्य केला. तो अगदीच पोकळ नाही. हंगामातच भरणाऱ्या आणि पावसाळ्यात ओस पडणाऱ्या कोकणच्या बंदरांना नियमिततेचे मोल सांगायला नको. तरीही अमेरिकेने १९१६ च्या शिपिंग अ‍ॅक्टमध्ये डिफर्ड रिबेटवर सरळ बंदी घातली. नियमित सेवा हवी असेल तर तिची किंमत उघड मागावी, गिऱ्हाइकाचा पैसा ओलीस धरून नव्हे, असा त्या बंदीचा अर्थ होतो.

आणि त्याच अमेरिकेत पासष्ट वर्षांनी ती विमानाने परत आली! १९७८ च्या कायद्याने विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठले, नवख्या स्वस्त कंपन्या उतरल्या, आणि १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना आणली. कारण तेच, जे १८७७ मध्ये कलकत्त्याचे होते: बाहेरचा स्वस्त स्पर्धक. यंत्रणाही तीच. पॉइंट म्हणजे आधीच भरलेल्या भाड्यातून बाजूला काढलेला हिस्सा; तो अमुक संख्येला पोहोचल्याखेरीज वापरता येत नाही; मध्येच दुसरीकडे गेलात तर पायरी घसरते, मुदत संपली तर पॉइंट मरतात. फरक एवढाच की कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला किती रुपये अडकले हे ठाऊक होते. पॉइंटाची किंमत मात्र कंपनी कधीही बदलू शकते.

शिवाय एक दुष्टता आगबोटींच्या कंपूलाही सुचली नव्हती. तिथे भाडे भरणारा आणि सूट मिळवणारा एकच होता. विमानात तिकीट कचेरी काढते आणि पॉइंट कर्मचाऱ्याच्या खात्यावर जातात. धन्याच्या खरेदीवर नोकराने परस्पर घ्यायच्या वाट्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: दस्तुरी. सकाळी सहाचे स्वस्त विमान सोडून साडेसातचे महाग विमान ‘माझ्या’ कंपनीचे म्हणून निवडणारा व्यवस्थापक दस्तुरीच घेत असतो. फक्त तिला सोनेरी कार्डाचा मुलामा असतो. जर्मनीत २००२ मध्ये सरकारी प्रवासावर साठवलेले मैल खाजगी प्रवासाला वापरल्याच्या प्रकरणात ग्रेगोर गीझी यांनी बर्लिनच्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. अमेरिकेत २००१ अखेरपर्यंत केंद्र सरकारच्या नोकरांना असे मैल स्वतःसाठी ठेवता येत नव्हते. त्या सरकारांनी जे ओळखले, ते चार माणसांच्या खाजगी कचेरीनेही ओळखायला हरकत नाही.

भारताचा अनुभव काय सांगतो? किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली आणि निष्ठावंतांच्या पॉइंटांची माती झाली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर आली. तिची पॉइंट योजना मात्र आधीच वेगळ्या कंपनीत काढलेली होती. विमाने गेली, योजना दुसऱ्या नावाने जगली. ही विसंगती वाटेल, पण पॉइंट बँकांना विकून पैसा मिळतो हे एकदा ध्यानात घेतले की कोडे सुटते. २०२० च्या महासाथीत युनायटेड एअरलाइन्सने आपली मैल योजनाच तारण ठेवून सुमारे ६८० कोटी डॉलर उभे केले. विमाने उभी होती आणि गहाण पडत होती प्रवाशांची निष्ठा.

सर्वांत बोलके उदाहरण इंडिगोचे. २००६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने नेहमीच्या धाटणीची लॉयल्टी योजना दीर्घकाळ चालवलीच नाही. वेळ पाळणे, फेऱ्या जास्त, भाडे बेताचे, एवढ्यावर तिने देशांतर्गत बाजाराचा साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा मिळवला. छोट्या प्रवासाच्या व्यापाऱ्याला काय हवे असते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? आणि हा हिस्सा हाती आल्यावर, २०२४ मध्ये, तिने ‘ब्लूचिप’ योजना आणली. त्याच वर्षी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि दोन योजनांची एक झाली. पॉइंट नसताना जी कंपनी प्रवासी जिंकत होती, तिला आता पॉइंट का हवेत? गड जिंकून झाल्यावर तटबंदी लागते म्हणून. डिसेंबर २०२५ च्या आरंभी वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा अडकलेल्यांना पॉइंटांनी विमान दिले नाही. दुसऱ्या कंपनीत जागा आणि पर्यायी मार्ग ज्यांना मिळाले, ते सुटले.

छोट्या फेऱ्यांच्या व्यापाऱ्यासाठी गणितही प्रतिकूल आहे. पूर्वी पॉइंट अंतरावर मिळत. आता बहुतेक ठिकाणी खर्च केलेल्या रुपयांवर मिळतात. एअर इंडियाने हा बदल २०२४ मध्ये केला. तेव्हा तासाभराच्या बेताच्या तिकिटावर पॉइंटही बेताचेच, आणि जास्त मिळवायचे तर जास्त भाडे भरायचे. काही योजना पायरी ठरवताना उड्डाणांची संख्याही धरतात. तेवढाच छोट्या फेऱ्यांचा फायदा. कार्ड फुकट असेल तर घ्यावे, एकाहून अधिक घ्यावीत, तिकीट ज्या कंपनीचे त्या कार्डावर पॉइंट टाकावेत आणि त्यांची किंमत शून्य धरून तिकीट निवडावे. वेळ, तारीख बदलण्याचा दंड, सामानाचा नियम आणि रद्द झाल्यास त्याच दिवशी दुसरे विमान आहे की नाही, या चार गोष्टी आधी पाहाव्यात. विमानकंपन्या लहान उद्योगांसाठी वेगळे दर ठेवतात. तिथली उघड सूट शंभर पॉइंटांपेक्षा मोलाची, कारण ती आजच्या बिलात दिसते.

पण हा सगळा आपापल्यापुरता हिशेब झाला, आणि टाटा लाइनच्या वेळी गिरणीमालकांनीही तोच केला होता. नॉर्वेने वेगळी वाट धरली. तिथे एसएएसने प्रतिस्पर्धी ब्राथेन्स कंपनी घेतल्यावर बाजार एकाच्या हाती आला, तेव्हा २००२ मध्ये सरकारी स्पर्धा प्राधिकरणाने देशांतर्गत उड्डाणांवर पॉइंट देण्यास मनाई केली. त्याच सप्टेंबरात नॉर्वेजियन ही नवी कंपनी देशांतर्गत मार्गांवर उतरली आणि टिकली. पुरेशी स्पर्धा दिसल्यावर २०१३ मध्ये बंदी उठली. आपल्या स्पर्धा कायद्यात प्रबळ स्थानाच्या गैरवापराचे कलम आहे. साठ टक्के बाजार हाती असलेल्या कंपनीच्या पॉइंट योजनेची त्या कलमाखाली तपासणी व्हावी, ही मागणी कोणत्याही व्यापारी संघाला करता येईल. अजून ती मोठ्याने ऐकू येत नाही.

रत्नागिरीला हा प्रश्न दूरचा वाटेल. इथल्या धावपट्टीवर तटरक्षक दल आहे आणि नियमित प्रवासी विमानाची वाट पाहणे चालू आहे. तोवर व्यापारी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतो, खाली मोपाला जातो किंवा रात्रीच्या गाडीने मुंबई. पण विमान येईल तेव्हा ते ‘उडान’ योजनेखाली येण्याचीच शक्यता अधिक. त्या योजनेत एका मार्गावर एका कंपनीला तीन वर्षांची मक्तेदारी आणि तूट भरून काढायला सार्वजनिक पैसा मिळत आला आहे. शेजारच्या चिपी विमानतळावरील मुंबईची सेवा अशीच ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली आणि मुदत सरल्यावर २०२४ च्या अखेरीस बंद पडली. तीन वर्षांत साठवलेल्या पॉइंटांच्या जोरावर एखादी कंपनी चौथ्या वर्षी नव्या स्पर्धकाला दाराबाहेर ठेवू शकेल. म्हणून रत्नागिरीच्या मार्गाचा करार होईल तेव्हा त्यात एक ओळ आधीच घालून घ्यावी: अनुदानित फेऱ्यांवर पॉइंट दिले जाणार नाहीत, जी सूट द्यायची ती तिकिटाच्या किमतीतच द्यावी.